नागपूरचा कूलर रत्नागिरीला न्यावा का?

सावजी_रस्सा

मंडळी, बँकेने नागपूरहून थेट रत्नागिरीला बदली केली आहे. मे महिन्यातच सामान हलवायचं आहे आणि घरात वाद पेटलाय तो कूलरवरून. आमचा कूलर पत्र्याचा, इतवारीतून बनवून घेतलेला, तिन्ही बाजूंनी ताट्या (पाण्याने भिजत राहणाऱ्या जाळ्या), मोठी टाकी. बाबांचं म्हणणं, "४६ अंशात ज्याने तारलं, तो ३३ अंशात तर सहज तारेल. एसी कशाला?" बायकोचं माहेर चिपळूणचं. ती म्हणते, तिकडे कूलर लावणं म्हणजे आजारपण विकत घेणं. ट्रकवाला कूलरचे वेगळे पैसे मागतोय, त्यामुळे निर्णय लवकर हवा.

दुसरा प्रश्न घराचा. दोन जागा पाहून ठेवल्या आहेत. एक गावात, स्लॅबच्या इमारतीत सगळ्यात वरचा मजला. दुसरी जरा बाहेर, जांभ्याचं जुनं कौलारू घर, पुढे पडवी. भाडं जवळपास सारखंच. उन्हाळ्याच्या हिशेबाने कोणती बरी? अनुभव सांगा.

पडवीतला_झोपाळा

वहिनींचं ऐका. धागा बंद करा.

वऱ्हाडी_ठेचा

काऊन बंद कराचा बाप्पा? आत्ता कुठं सुरू होऊन राहिला. कूलरबद्दल वाईट बोलाल तर अकोल्याचे लोक धावून येतील.

पाना_पक्कड

बाबांचा तर्क वरवर बरोबर वाटतो म्हणून थोडा हिशेब मांडतो. (वातानुकूलनाच्याच धंद्यात आहे, पण विकायला आलेलो नाही.)

कूलर म्हणजे मोटर लावलेला माठ. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती हवेतून घेतली जाते, हवा थंड होते. पण वाफ होण्यासाठी हवेत जागा हवी. मे महिन्यात नागपुरात दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरा. एक घनमीटर हवेत साधारण ९ ग्रॅम बाष्प असतं आणि त्या तापमानाला मावू शकतं ६२ ग्रॅमच्या आसपास. जागाच जागा. रत्नागिरीत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तेच बाष्प २५ ग्रॅम आणि मावतं ३५-३६. म्हणजे 'थंड' रत्नागिरीच्या हवेत तापलेल्या नागपूरच्या जवळपास पावणेतीन पट पाणी आधीच भरलेलं आहे.

थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जे तापमान दिसतं, त्याच्या खाली कूलर कधीच जाऊ शकत नाही. वर सांगितलेल्या हवेत नागपुरात ते सुमारे २३ येतं, रत्नागिरीत २८ च्या वर. चांगल्या ताट्यांचा कूलर हवेच्या तापमानापासून त्या खालच्या मर्यादेपर्यंतच्या अंतराचा पाऊण भाग कापतो. नागपूर: ४४ वरून २८. रत्नागिरी: ३३ वरून साडेएकोणतीस. शिवाय ती साडेएकोणतीसची हवा ओलीचिंब, घाम वाळणारच नाही. पंखा बरा.

सावजी_रस्सा

@पाना_पक्कड, हे बाबांना वाचून दाखवतो. म्हणजे तिकडे ३३ असूनही जास्त त्रास होणार?

पडवीतला_झोपाळा

होणार. नागपूरचा उन्हाळा भाजतो, आमचा उकडतो. दिवस-रात्रीतला फरकही आमच्याकडे कमी. मे महिन्यात पहाटेसुद्धा २६-२७. तुमच्याकडे रात्री गच्चीवर वारा तरी सुटतो. आमच्याकडे वारा असतो तो दुपारनंतरचा समुद्रावरचा, संध्याकाळी तो पडला की अंगाला शर्ट चिकटलाच. हो, आणि पाऊस सुरू झाल्यावरची गंमत वेगळीच. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला, चपलांना, पुस्तकांना बुरशी. आमच्या आईने कपाटात ४० वॅटचा बल्ब लावून ठेवलेला असायचा चार महिने. घर गरम करायला नाही, कोरडं ठेवायला.

चहाटळ_पुणेकर

पुण्यात या कशाचीच गरज पडत नाही. आमच्या लहानपणी पंखासुद्धा फक्त पाहुण्यांसाठी लावायचे.

वऱ्हाडी_ठेचा

पाहुण्यांसाठी लावायचे हे पुण्यात मोठंच झालं म्हणायचं. (हलके घ्या.)

चहाटळ_पुणेकर

घेतलं. पण गंभीरपणे, एका पुण्याच्या आतच किती फरक आहे बघा. हिवाळ्यात पाषाणचं किमान तापमान आणि लोहगावचं किमान तापमान यात कितीतरी अंशांचं अंतर असतं, पेपरात रोज येतं. मार्च-एप्रिलची कोरडी दुपार असते तेव्हा इथे कूलर छान चालतो. मेच्या शेवटी वळवाचे ढग जमायला लागले की तोच कूलर नको होतो. हे 'कुठे' इतकंच 'कधी' यावरही अवलंबून आहे.

कॅक्टस_आणि_कढी

फिनिक्स, ॲरिझोनाहून. चहाटळ यांचा 'कधी' इथे शब्दशः लागू. इथल्या जुन्या घरांच्या छपरांवर कूलर असतात, डक्टमधून सगळ्या घरात हवा जाते. एप्रिल ते जून मस्त चालतात. मग जुलैत इथलाही मान्सून येतो (हो, त्याला मान्सूनच म्हणतात), हवेतलं बाष्प वाढतं आणि कूलर हात टेकतो. काही घरांत कूलर आणि एसी दोन्ही एकाच डक्टला जोडलेले असतात, मौसम बघून झडप फिरवायची. २०२३ मध्ये इथे सलग ३१ दिवस दिवसाचं कमाल तापमान ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३.३ सेल्सियसच्या खाली आलं नाही, तेव्हा एसीशिवाय जगणं हा जिवाचा प्रश्न झाला होता. माझे आईवडील अमरावतीचे. इथे आल्यावर छपरावरची ती पेटी बघून बाबा म्हणाले, अरे हा तर आपलाच.

आकडेमोड_मास्तर

@पाना_पक्कड, गणित पटलं, पण एक खर्च तुम्ही दाबून टाकलात. पाणी! मी लातूरचा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. मोठा कूलर तासाला किती पाणी पितो ते सांगा.

पाना_पक्कड

रास्त प्रश्न. दाबलं नव्हतं, विचारलं नव्हतं.

मोठा डेझर्ट कूलर तासाला ३००० घनमीटर हवा फेकतो असं धरू, वजनाने साधारण ३३०० किलो. ती १५ अंशांनी थंड करायची तर सुमारे ४९,५०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला २४०० किलोज्यूलच्या आसपास लागतात. म्हणजे तासाला २० लिटर. दिवसाला दहा तास चालवला तर २०० लिटर. पंखा पूर्ण वेगात नसतो, संध्याकाळी हवा निवते, तेव्हा प्रत्यक्षात कमी. पण विजेला २०० वॅट पुरतात. दीड टनी एसी दीड किलोवॅटच्या आसपास घेतो. कूलर वीज वाचवतो ती पाण्याच्या बदल्यात.

आकडेमोड_मास्तर

म्हणजे मराठवाड्यात हवा कूलरला योग्य आणि नळ अयोग्य. धन्यवाद, हेच म्हणायचं होतं.

माळवदाखालची_मनी

लातूरवाले आलेच आहेत तर जुन्या घरांबद्दल. आमचं धाराशिवकडचं माळवदाचं घर, हातभर जाडीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा जाड थर. दुपारी एक वाजता बाहेरून आत आलं की डोळे मिटायचे गारव्याने. कूलर कुणाला माहीत होता? सिमेंटच्या स्लॅबने सगळं घालवलं. जुने लोक शहाणे होते, आपण नाही.

पाना_पक्कड

अर्धं मान्य. माती उष्णता उशिरा आत सोडते. दुपारचं ऊन छतातून आत पोचायला कित्येक तास जातात. म्हणून दुपार गार. पण मग ती उष्णता पोचते कधी? रात्री. म्हणूनच तुमच्याकडे उन्हाळ्यात सगळं घर वर माळवदावर अंथरूण टाकून झोपायचं. खरं की नाही?

माळवदाखालची_मनी

खरं आहे बाई. म्हणजे दादा. आजी संध्याकाळीच पाणी मारून ठेवायची आणि आम्ही जागेवरून भांडायचो.

जांभा_चिरा

हा मुद्दा धागाकर्त्याच्या कामाचा आहे म्हणून पुढे नेतो. जाड भिंतीचा फायदा तेव्हाच, जेव्हा रात्र खरोखर थंड होते आणि भिंत तिची उष्णता बाहेर टाकू शकते. नागपूर, धाराशिव, जळगाव इथे ते होतं. कोकणात रात्र फारशी थंडच होत नाही, तर भिंतीने उष्णता टाकायची कुठे? म्हणून कोकणातल्या घराची रचना वेगळी. उतरतं कौलारू छप्पर, कारण रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पण उंच छपराचा दुसरा फायदा असा की गरम हवा वर जाते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. रुंद पडवी, म्हणजे भिंतीवर ऊन पडत नाही. समोरासमोर दारं, म्हणजे वारा आरपार. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले लावलेले असत, उजेड आत आणि झळ बाहेर.

तेव्हा माझं मत: कौलारू घर घ्या. वरच्या मजल्याचा उघडा स्लॅब मे महिन्यात रात्री अकरा वाजताही हाताला गरम लागतो.

पडवीतला_झोपाळा

कौलारू घराची जाहिरात झाली, आता दुसरी बाजू. कौलाच्या घरात एसी लावून उपयोग नाही, फटींतून गार हवा पळते. माकडं कौलं फोडतात. पावसाआधी दरवर्षी कौलं चाळायला माणूस मिळवून दाखवा. विंचू. साप. भाड्याच्या घरात हे सगळं कोण करणार? सुट्टीत आलेल्याला कौलारू छान वाटतं.

जांभा_चिरा

फॉल्स सीलिंग टाकून एक खोली बंदिस्त करता येते की. किनारपट्टीत सगळीकडे तेच करतात.

ताकाची_कढी

अवांतर: गारव्याचंच चाललंय, थंडीचं कोणी बोलेना. आम्ही दिल्लीत चार हिवाळे काढले. महाराष्ट्रातल्या माणसाला वाटतं दिल्ली म्हणजे लू. जानेवारीत धुकं असलं की दुपारी बारा वाजताही घरात स्वेटर, मोजे, टोपी. बिल्डरने घर बांधलेलं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून, फरशी मार्बलची. तिच्यावर पाय ठेवला की मेंदूपर्यंत कळ. शेवटी दोन हजार वॅटचा ब्लोअर. नंतर तेल भरलेला रेडिएटर आणला, तो हवा कमी सुकवतो असं वाटलं.

निफाडचा_घड

थंडी म्हणाल तर आमच्याकडे या. महाराष्ट्रातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून दर हिवाळ्यात बातमीत आमचं नाव असतंच. पारा पाचच्या खाली गेला की आम्ही पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या करतो, ठिबक चालू करतो. घड जपायला एवढा आटापिटा, पण घरात? हीटर नावाची वस्तू नाही. गोधडी, कानटोपी आणि बंबातलं पाणी. आपल्याकडे घर कोणी तापवत नाही, माणूस तापवतात. थंडीचे दिवस थोडे, त्यासाठी घरात यंत्र बसवणं परवडत नाही आणि गरजही नाही.

पाना_पक्कड

@ताकाची_कढी, रेडिएटर असो की ब्लोअर, विजेच्या एका युनिटमागे उष्णता एकच युनिट. हवा कोरडी वाटते ती दोन्हींत सारखीच. थंड-गरम दोन्ही करणारा एसी घेतलात तर एका युनिटमागे तीनच्या आसपास मिळते, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरून ओढून आणतो. दिल्लीसारख्या ठिकाणी, जिथे दोन्ही टोकं आहेत, तिथे तोच शहाणपणाचा. आणि सगळ्यांना हात जोडून: बंद खोलीत कोळशाची सिगडी लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

निवृत्त_हवालदार

सिगडीच्या इशाऱ्याला दुजोरा. लेहला होतो तेव्हा बुखारी असायची, रॉकेलवर चालणारी, धूर नळीने बाहेर. झोपण्याआधी ती विझली का आणि झरोका उघडा आहे का, हे तपासायला माणूस नेमलेला. तिथल्या फे गावाजवळ सोनम वांगचुक यांच्या सेकमोल संस्थेची मातीची इमारत आहे. दक्षिणेकडे मोठ्या काचा, जाड मातीच्या भिंती. हिवाळ्यातलं ऊन आत घेते आणि रात्रभर धरून ठेवते. बुखारीशिवाय. लडाखला थंडी कडक, पण ऊन लख्ख, म्हणून ते जमतं. कोकणात तसल्या काचा लावाल तर भाजून निघाल.

मॅपलची_फांदी

टोरांटोहून हजेरी. इथे प्रश्न उलटा. बाहेर उणे २० असताना ती हवा घरात येऊन २१ अंशाला तापते, तेव्हा तिची आर्द्रता ५-६ टक्क्यांवर येते. उणे २० ला हवेत घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम पाणी मावतं, मग दुसरं काय होणार? ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो, लाकडी फरशीच्या फटी उघडतात. म्हणून फर्नेससोबत हवा दमट करायचं यंत्रही चालवतो. रत्नागिरीकर कपाटात बल्ब लावतात आणि आम्ही पैसे खर्चून घरात ओल आणतो.

चहाटळ_पुणेकर

यावर उपाय: टोरांटोला नागपूरचा कूलर पाठवा. ट्रकवाल्याला विचारा.

मॅपलची_फांदी

हसू नका, आमचं यंत्र आतून तसंच आहे. ताटीवर पाणी सोडायचं आणि त्यातून हवा फिरवायची.

बिनपाण्याची_विहीर

सगळे हवामान हवामान करताय. माझं स्पष्ट मत, हवामानाच्या आधी खिसा येतो. यवतमाळच्या माझ्या गावात हवा तीच, तरी कित्येक घरात एक टेबलफॅन आहे. पत्र्याच्या छपराखाली. भर दुपारी आत बसणं अशक्य, लोक लिंबाखाली बसतात. 'विदर्भात कूलर लागतो' म्हणजे कुणाला लागतो आणि कुणाला मिळतो?

आकडेमोड_मास्तर

हजार वेळा सहमत. गरज हवामान ठरवतं, सोय पगार ठरवतो. पण विहीरताई/दादा, छपराला चुना तरी? अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये जो उष्माघात आराखडा आणला, त्यात पुढे झोपडपट्टीतल्या छपरांना पांढरा रंग देण्याचं काम आलं. तेलंगणनेही २०२३ मध्ये छपरांसाठी धोरण काढलं. चुन्याचा खर्च कूलरच्या एका मोसमाच्या विजेपेक्षा कमी.

बिनपाण्याची_विहीर

ताई. चुना दरवर्षी द्यावा लागतो, पहिल्या पावसात अर्धा धुतला जातो. तरी देतो आम्ही. झळ नक्की कमी होते.

सावजी_रस्सा

धागा लेह, टोरांटो करून आला, मजा आली. आता मूळ मुद्दा: कूलर न्यायचा नाही असं जवळपास एकमत दिसतंय. मग एसी किती टनी? नागपुरात शेजाऱ्यांकडे दीड टनी आहे, पण मे महिन्यात तोही दमतो. तिकडे ३३ अंशच, म्हणजे एक टन पुरेल?

पाना_पक्कड

शेजाऱ्यांचा दमतो याचं कारण आहे. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश असताना. ४६ ला ती खाली येते आणि वीज जास्त लागते. रत्नागिरीत तो त्रास नाही. पण तिथे एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी पिळून काढण्यात जाते, बाहेरच्या नळीतून बादली भरताना दिसेल. साधारण १२० चौरस फुटांची खोली, वर दुसरा मजला असेल तर एक टन चालतो. वरचाच मजला असेल तर दीड.

दुसरं, स्टारच्या लेबलवरचे वार्षिक युनिट जसेच्या तसे घेऊ नका. ते देशभर एकाच हिशेबाने, १६०० तास आणि बाहेर २४ ते ४३ अंश धरून काढलेले असतात. शिमल्याला आणि चंद्रपूरला लेबल एकच. तुम्ही मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरात रात्रभर लावलात तर तास बदलतात. महावितरणचा ३०० युनिटांच्या वरचा स्लॅब महाग आहे, तेव्हा २६ वर ठेवून पंखा हळू चालू ठेवा. २०२० पासून नव्या स्टारवाल्या एसीत सुरुवातीचं तापमान २४ च ठेवलेलं येतं, १८ वर नेण्याची हौस आवरा. ओल काढण्यासाठी ड्राय मोड वापरा, जुलैत तोच कामाला येईल.

जांभा_चिरा

एक भर. समुद्राजवळ घर असेल तर बाहेरच्या युनिटला खारा वारा खातो. तांब्याची कॉइल आणि तिच्यावर गंजरोधक लेप आहे का, विचारून घ्या. आणि ते पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर लावू नका.

सावजी_रस्सा

आभार मंडळी. घर कौलारूच घेतोय, एका खोलीला फॉल्स सीलिंग करायला मालक तयार आहेत. बाबांना ९ ग्रॅम आणि २५ ग्रॅमचा हिशेब वाचून दाखवला. दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "मग ताट्या काढून नुसता पंखा म्हणून नेऊ."

वऱ्हाडी_ठेचा

बाबा जिंकले.

पडवीतला_झोपाळा

पत्रा आहे ना? दोन पावसाळ्यांत चाळण होईल. बाबांना म्हणावं, नागपुरातच कुणाला तरी द्या, सत्कारणी लागेल.

आकडेमोड_मास्तर

द्यायचाच असेल तर लातूरला नको, पाणी नाही. बाकी एक शंका राहिली. आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी कूलरला चालतं का? रोज बादलीभर तरी निघतं.

पाना_पक्कड

चालतं, पण त्यात क्षार जास्त असतात. वाफ होताना पाणी जातं आणि क्षार ताटीवर राहतात, त्यामुळे ताट्या लवकर पांढऱ्या आणि कडक होतात, हवा जायला अडते. निम्मं साधं पाणी मिसळा आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूचे डासही साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतात, तेव्हा ते तसंही करायचंच आहे. लाकडी भुशाच्या ताट्या दरवर्षी बदला. हनिकोंब (मधाच्या पोळ्यासारखी ताटी) असेल तर कमी दाबाच्या पाण्याने धुवा, ॲसिड नको.